शोकाच्या वेळीं परिचारिका

(नभोवाणीवरील भाषण)

माणसाचें आयुष्य जेथें सुरू होतें आणि जेथें संपतें, त्या दोन्ही ठिकाणीं आजकाल बहुधा एक परिचारिका उभी असते. आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतों, खेड्यांत ‘नर्सबाई’ म्हणतात, सरकारी कागदावर ती ‘अधिपरिचारिका’ असते. ती सुई टोंचते, सलाईन लावते, ताप पाहते, औषधाची वेळ सांभाळते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या कामाचा एक भाग असा आहे कीं, तो कोणत्याहि केसपेपरवर लिहिला जात नाहीं, आणि त्याचें मोल कळण्यास आपल्यावर प्रसंगच यावा लागतो. रोगी आतां बरा होणार नाहीं असें कळतें, किंवा तो डोळे मिटतो, त्या वेळीं त्याला आणि त्याच्या माणसांना सावरण्याचें काम बहुतेक वेळां तिच्याच हातून घडतें. हें सावरणें म्हणजे नेमकें काय, तें शिकतां येतें काय, आणि आपल्या वऱ्हाडांत त्याची निकड किती आहे, हें आज आपणांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

मी वैद्य नाहीं. नांदगाव पेठेस राहणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु आमचें गांव अमरावती-नागपूर रस्त्यावरचें. अपघात झाला, प्रसूति अडली, फवारणीचें औषध कोणाच्या पोटांत गेलें, कीं गाडी अमरावतीच्या इर्विन नाहींतर डफरीन रुग्णालयाकडे धांवते. आणि कागदपत्र वाचणारा माणूस म्हणून मास्तरालाहि त्या गाडींत बसावें लागतें. अशा फेऱ्यांत जें पाहिलें, व मागाहून पुस्तकांतून जें समजून घेतलें, त्याची ही बेरीज आहे.

प्रथम थोडा इतिहास. आजाऱ्याची सेवा आपल्याकडे नवी नाहीं. पण ती घरांतली, आई-बहिणीच्या हातची सेवा होती. परक्या रोग्याच्या उशाशीं बसण्यासाठीं बाईनें घराबाहेर पडणें ही धैर्याची गोष्ट होती. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला, तेव्हां सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवेंत त्यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्याचें सेवासदन उभें केलें, व त्या संस्थेमार्फत स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळूं लागलें. स्वतः रमाबाई १९०१ सालीं विधवा झालेल्या. आणि त्यांच्या संस्थेंत शिकावयास येणाऱ्यांतहि वैधव्याचें दुःख पदरीं बांधून आलेल्या स्त्रिया होत्या. महाराष्ट्रांत शोकाच्या वेळीं दुसऱ्याला धीर देण्याचें काम प्रथम ज्यांनीं शिक्षण घेऊन अंगावर घेतलें, त्यांतील कांहींजणींनीं शोक आधीं स्वतः भोगला होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

युरोपांत या विद्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं घातला. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमींच्या सेवेस त्या गेल्या, तेव्हां मरण पावलेल्या शिपायांच्या आई-बायकांना त्यांनीं पत्रें लिहिलीं. आपला माणूस एकटा मेला नाहीं, त्याच्याजवळ कोणी होतें, एवढेंच घरच्यांना समजावें, हा त्यांतील हेतु. १८५९ च्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं एक प्रकरणच अशा लोकांवर खर्च केलें आहे कीं, जे रोग्याला भेटावयास येतात आणि ‘तुम्हांला कांहीं झालें नाहीं, उद्यां उठून बसाल’ अशी पोकळ आशा दाखवून जातात. अशा बोलण्यानें रोग्यास धीर येत नाहीं. उलट आपलें दुखणें कोणासच कळत नाहीं, या भावनेनें तो अधिकच एकाकी होतो, असें त्यांचें निरीक्षण होतें. आपल्या गांवांतील आजाऱ्यास भेटावयास जाणाऱ्या प्रत्येकानें हें वाचावें असें मला वाटतें.

विसाव्या शतकांत या विचाराला पुढें नेलें तें सिसिली साँडर्स या इंग्रज विदुषीनें. त्या आधीं परिचारिका होत्या, मग रुग्णालयांतील समाजसेविका झाल्या, आणि शेवटीं डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें असाध्य रोग्यांसाठीं सेंट ख्रिस्तोफर हें शुश्रूषागृह काढलें. त्याच धर्तीवर १९८६ सालीं मुंबईस वांद्रे येथें शांति अवेदना हें भारतांतील पहिलें शुश्रूषागृह निघालें. साँडर्सबाईंनीं एक शब्द रूढ केला. त्याचा भावार्थ मराठींत ‘समग्र वेदना’ असा करतां येईल. त्या म्हणत कीं, मरणोन्मुख माणसाची वेदना एकपदरी नसते, चौपदरी असते.

आपल्याकडचेंच उदाहरण घेऊं. खर्रा खाऊन खाऊन तोंडाचा कर्करोग झालेला एखादा शेतकरी खाटेवर आहे. त्याचा जबडा ठणकतो, ही शरीराची वेदना. आपलें काय होणार, ही भीति, म्हणजे मनाची वेदना. घरीं कापूस विकावयाचा राहिला, सोसायटीचें कर्ज आहे, मुलगी लग्नाची आहे, ही संसाराची वेदना. आणि ‘मीं असें कोणाचें काय वाईट केलें होतें?’ हा प्रश्न, ही आत्म्याची वेदना. तो रात्रीं दोन वाजतां ‘सिस्टर, दुखतें’ म्हणून हांक मारतो, तेव्हां यांपैकीं कोणती वेदना हांक मारीत आहे हें ओळखणें, ही परिचारिकेची खरी परीक्षा. जबडा ठणकत असेल तर मॉर्फिन हवें. आणि हें औषध वेदनाग्रस्त रोग्यांना सुलभपणें मिळावें म्हणून २०१४ सालीं आपल्या देशाच्या कायद्यांत दुरुस्तीहि झाली आहे. पण मुलीच्या लग्नाची काळजी जागवीत असेल, तर मॉर्फिनचा उपयोग नाहीं. तेथें पांच मिनिटें स्टूल ओढून बसणें, आणि उद्यां त्याच्या भावास बोलावून घेणें, हेंच औषध होय.

या दुःखांत रोग्याबरोबर त्याचें कुटुंबहि रोगी होतें. आपल्या जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांना हें फार पूर्वीं उमगलें होतें. मुंबईस दादरला त्यांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेंत परळच्या टाटा रुग्णालयांत उपचारासाठीं आलेले कर्करोगी व त्यांचे सोबती उतरतात. कीर्तन चालू असतांना पुत्रनिधनाची वार्ता येऊनहि बाबांनीं कीर्तन थांबविलें नाहीं, असें सांगतात. तें विरक्ताचें बळ होतें. पण त्याच विरक्तानें संसारी माणसाकडून त्या बळाची अपेक्षा केली नाहीं. त्याच्यासाठीं निवारा उभा केला. ‘रडूं नका, धीर धरा’ असें सांगण्यापूर्वीं समोरच्याला बसावयास जागा व प्यावयास पाणी आहे काय हें पाहावें, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

आतां अखेरच्या दिवसांकडे वळूं. येथें अज्ञानामुळें कुटुंबाला जो त्रास होतो, तो परिचारिकेच्या चार शब्दांनीं टळूं शकतो. देह थकत आला म्हणजे माणूस अधिक वेळ झोंपतो, अन्न नको म्हणतो, हात-पाय गार पडूं लागतात, श्वास कधीं जलद तर कधीं थांबून थांबून येतो, घशांत घरघर होते. ती घरघर ऐकून घरच्यांचा जीव कासावीस होतो. वास्तविक ती घशांत साठलेल्या स्रावामुळें होते, आणि बहुतेक वेळां रोग्याला तितकीशी जाणवत नसते. परिचारिका त्याला कुशीवर वळविते, उशी नीट करते, आणि हें असें होणारच, यांत तुमची हयगय नाहीं, हें समजावून सांगते. ठाऊक असलेल्या गोष्टीचें भय निम्मे होतें.

सर्वांत कठीण प्रश्न अन्नपाण्याचा. आपल्याकडे माणूस उपाशी गेला, तहानेला गेला, हा बोल फार लागतो. एका वॉर्डांत मीं एका मुलीला विनवतांना ऐकलें, ‘बाई, माह्या बापाले दोन घोट पाणी तरी पाजू द्या जी.’ गिळण्याची शक्ति गेलेल्या माणसाला पाणी पाजलें तर तें श्वासनलिकेंत उतरून ठसका लागतो, जीव घाबरा होतो. म्हणून नाहीं म्हणणें प्राप्त होतें. पण तेथील सिस्टरनें नुसतें नाहीं म्हटलें नाहीं. तिनें स्वच्छ कापसाचा बोळा ओला करून त्या मुलीच्या हातीं दिला, आणि ओठ, जीभ, हिरड्या हळूंहळूं कशा ओल्या करावयाच्या हें दाखविलें. ‘दर थोड्या वेळानें असें कर. त्याची तहान यानेंच भागते,’ असें ती म्हणाली. त्या क्षणीं मुलीच्या हातांना काम मिळालें, आणि आपण बापाला पाणी दिलें हें समाधान तिला जन्मभर पुरेल. गंगाजल व तुळशीपत्र ठेवण्याच्या आपल्या रीतीशीं हें किती जुळतें! मुसलमान कुटुंबांत अखेरच्या क्षणीं कानांत कलमा म्हणतात, बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील म्हणतात. जाणती परिचारिका आधींच विचारून ठेवते, ‘तुमच्याकडे काय करतात?’ आणि त्यासाठीं पडदा ओढून दहा मिनिटें मोकळीं करून देते. याला खर्च कांहींच लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाला ऐकूं येत असण्याचा संभव शेवटपर्यंत असतो, असें या शास्त्रांतील लोक मानतात. म्हणून खाटेशेजारीं उभें राहून तेराव्याच्या खर्चाचा हिशेब करूं नये. माझ्या थोरल्या बंधूंच्या अखेरच्या आजारांत आम्ही सारे भिंतीशीं मुके उभे होतों. तेव्हां रात्रपाळीची परिचारिका म्हणाली, ‘काका, बोला ना त्यांच्याशीं. हात धरा.’ तिनें सांगितलें नसतें, तर आम्हांला तें सुचलें नसतें. मग मीं त्यांना लहानपणच्या पेढी नदीच्या पुराची गोष्ट सांगितली. ती त्यांनीं ऐकली कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. मीं सांगितली, एवढें खरें.

पुढचा प्रसंग मृत्यूची वार्ता सांगण्याचा. मृत्यु झाल्याचें ठरविणें व जाहीर करणें हें डॉक्टरांचें काम आहे. पण त्या वाक्यानंतरची पोकळी परिचारिकेलाच भरावी लागते. या बाबतींत जगभर जो अनुभव जमला, तो थोडक्यांत असा. बातमी उभ्याउभ्या, जिन्यांत, चार परक्यांसमोर सांगूं नये, बसवून सांगावी. आधीं त्यांना कितपत कल्पना आहे हें विचारावें. मग साधा, स्पष्ट शब्द वापरावा. आपल्याकडे ‘एक्स्पायर झाले’ असें म्हणण्याची संवय आहे. एका रुग्णालयांत हा शब्द ऐकून एक म्हातारी ‘मग आतां कोणतें औषध आणूं?’ असें विचारतांना मीं पाहिली आहे. ‘आजी, तुमचा मुलगा वारला,’ हें वाक्य ऐकणाऱ्याला कठोर वाटतें, पण तेंच दयाळूपणाचें आहे. कारण त्यांत खोटी वाट पाहावयाला लावणें नाहीं. आणि त्यानंतर गप्प राहावें. येथें पुष्कळांची चूक होते. शांतता असह्य होऊन ते बोलूं लागतात: देवाची मर्जी, सुटला बिचारा, तुम्हींच असें केलें तर लेंकरांनीं काय करावें? शोकाच्या पहिल्या लाटेंत यांतील एकहि वाक्य आंत शिरत नाहीं. शिरलें तर खुपतें. खांद्यावर हात, पाण्याचा पेला, आणि ‘मी येथेंच आहें’ एवढे तीन शब्द पुरे होतात.

नंतर देहाची शेवटची सेवा. डोळे मिटणें, जबडा बांधणें, नळ्या काढणें, अंग पुसणें, हातपाय सरळ करणें, हें सर्व परिचारिका करते. घरच्यांना तो देह प्रथम दिसतो तो तिनें जसा ठेवला असेल तसा, आणि तीच मूर्ति पुढें वर्षानुवर्षें डोळ्यांसमोर राहते. म्हणून अनुभवी परिसेविका नव्या मुलींना सांगतात कीं, चादर बदला, केंस नीट करा, आणि बोलतांना त्या माणसाचें नांव घ्या, ‘बॉडी’ म्हणूं नका. अंगावरचे दागिने, मंगळसूत्र, घड्याळ, मोबाइल यांची यादी करून सही घेऊन देणें हीहि सांत्वनाचीच बाब आहे. कारण हरवलेल्या एका अंगठीपायीं शोकाचें रूपांतर भांडणांत होतें. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत करावयाची असते, त्यासाठीं कोणता कागद जपून ठेवावा, हें तिनें एका चिठ्ठीवर लिहून द्यावें. कारण त्या घटकेला ऐकलेलें कांहीं लक्षांत राहत नाहीं.

अपघात, विष, जळीत अशा प्रसंगीं शवविच्छेदन होतें, आणि तेथें कुटुंबाचा संताप उसळतो. ‘मेल्यावर तरी त्याची चिरफाड कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. हा कायद्याचा भाग आहे, पुढें विम्याच्या किंवा मदतीच्या कामीं हाच कागद लागतो, यास इतका वेळ लागेल, आणि तोंवर तुम्ही अमुक ठिकाणीं बसा, एवढें कोणी शांतपणें सांगितलें, तर अर्धा राग निवतो. वऱ्हाडांत हा प्रसंग दुर्दैवानें विरळा नाहीं. नापिकी व कर्ज यांनीं गांजलेल्या शेतकऱ्यानें विष घेतलें, तर मागें राहिलेल्या बायकोला दुःखाबरोबर लाज आणि अपराधाची भावना यांचेंहि ओझें उचलावें लागतें. पोलीस विचारतात, नातलग विचारतात, बँकवाले विचारतात. निदान परिचारिकेनें ‘असें कां केलें त्यांनीं?’ हें विचारूं नये; ‘तुम्ही कांहीं खाल्लें काय? लेंकरें कोणाजवळ आहेत?’ हें विचारावें. राज्य सरकारनें २०१५ सालीं प्रेरणा प्रकल्प या नांवानें शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आधाराची जी योजना सुरू केली, तींत गांवच्या आशा कार्यकर्तीनें घरोघर जाऊन विचारपूस करावी, अशी कल्पना होती. विचार योग्यच होता; कारण ज्या दारावर कर्ज मागणारे येतात, त्याच दारावर ‘बरी आहेस ना, बाई?’ म्हणणारें कोणी तरी यावयास हवें.

मेलेलें मूल जन्मणें किंवा जन्मतांच दगावणें, हा शोक तर मुकाच असतो. मेळघाटांतून डफरीनपर्यंत आलेली बाई रित्या ओटीनें परत जाते, आणि घरचे म्हणतात, दुसरें होईल. पूर्वीं असें मूल आईला न दाखवितां नेत असत. आतां परिचर्येची शिकवण अशी कीं, आईला विचारावें. तिची इच्छा असेल तर मूल स्वच्छ दुपट्यांत गुंडाळून तिच्या हातीं द्यावें, बापालाहि बोलवावें. नको म्हणाली तर आग्रह करूं नये. आणि एक गोष्ट न विसरतां सांगावी. दोन-तीन दिवसांनीं आईला दूध येतें. मूल नाहीं आणि पान्हा फुटतो, या क्षणाइतका दारुण क्षण नाहीं. आणि आधीं सांगितलें नसेल तर ती घरीं एकटीच त्या प्रसंगांत सांपडते. छाती आधार देऊन ठेवावी, थंड कापडाच्या घड्या ठेवाव्या, दूध पिळून काढूं नये, ताप आला किंवा गांठ लाल झाली तर दवाखान्यांत यावें, दूध आटण्याचें औषध डॉक्टरांस विचारावें, हें उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनें तिसऱ्या दिवशीं घरीं जाऊन सांगितलें, तर ती खरी भेट होय.

कोविडच्या सांथीनें या साऱ्या कामाची कसोटी पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारींत आमच्या अमरावतींत रोग इतका वाढला कीं, २२ फेब्रुवारीपासून शहर पुन्हां बंद करावें लागलें. कोविडच्या वॉर्डांत नातलगांस प्रवेश नाहीं, परिचारिकेचा चेहरा झांकलेला, हातांत रबरी मोजे. अशा स्थितींत देशभर कितीएक परिचारिकांनीं मोबाइल रोग्याच्या कानाशीं धरून घरच्यांचा शेवटचा निरोप त्याला ऐकविला. तेराव्यास चार माणसें जमूं शकलीं नाहींत, सांत्वनाला शेजारी येऊं शकला नाहीं. आणि पुष्कळ घरांतला तो शोक त्यामुळें अर्धवटच राहिला. आपले सुतकाचे दिवस, शेजाऱ्यांनीं आणलेली भाकरी, तेरावा, वर्षश्राद्ध या रीतींना आपण कर्मकांड म्हणतों. पण शोकाला वाट व मुदत देण्याचें काम त्या करीत होत्या, हें त्या सांथीनें दाखवून दिलें.

शोकाच्या स्वरूपाविषयीं एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. १९६९ सालीं एलिझाबेथ कुब्लर-रॉस या विदुषीनें नाकारणें, राग, विनवणी, खिन्नता व स्वीकार अशा पांच अवस्था वर्णिल्या. त्या मुळांत मरणाच्या वाटेवरील रोग्यांशीं बोलून मांडलेल्या होत्या, आणि शाळेंतील इयत्तांप्रमाणें एकीनंतर दुसरी अशा त्या येत नाहींत. कोणी रडत नाहीं, म्हणून त्याचें दुःख कमी नव्हे; कोणी परिचारिकेवरच ओरडतो, तोहि शोकच असतो. बहुतेकांचा शोक काळाबरोबर सौम्य होतो व माणूस कामाला लागतो. परंतु सहा महिने, वर्ष लोटलें तरी तो पहिल्या दिवसाइतकाच तीव्र असेल, अन्न-झोंप सुटली असेल, किंवा ‘मलाहि जावयाचें आहे’ असे उद्गार निघत असतील, तर तेथें वैद्यकीय मदत हवी. आणि असे उद्गार निघाले तर महिने मोजीत न बसतां ती त्याच दिवशीं हवी. त्यासाठीं २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य सरकारी सेवा आहे. हा क्रमांक श्रोत्यांनीं लिहून ठेवावा.

आतां शेवटचा प्रश्न: जी सर्वांना सावरते, तिला कोण सावरतें? एका खाटेवरची चादर बदलून होते न होते, तों शेजारच्या खाटेची घंटा वाजते. तिला रडावयास वेळ नसतो. परिचारिकांचा जीव रोग्यांत किती गुंततो, याचें मुंबईच्या केईएम रुग्णालयाइतकें मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतन झाल्या. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षें त्याच रुग्णालयांतील परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांना भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें. अंथरुणाला खिळून इतकीं वर्षें गेलीं तरी अंगाला जखम होऊं दिली नाहीं. ज्या मुलींचा १९७३ सालीं जन्महि झाला नव्हता, त्यांनीं ही सेवा केली. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचाच आहे, असें मानलें. १८ मे २०१५ रोजीं त्या वारल्या. अशा जगण्याविषयीं मतें भिन्न असूं शकतात, आणि ती चर्चा येथें करावयाची नाहीं. पण आपलें माणूस या शब्दाचा अर्थ रक्ताच्या नात्यापलीकडे जातो, हें त्या परिचारिकांनीं दाखविलें; आणि त्या गेल्या तेव्हां सुतक त्यांनाहि होतें.

अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या एका रुग्णालयांत जोनाथन बार्टेल्स या परिचारकानें एक साधी रीत पाडली. रोगी दगावला कीं, खाटेभोंवतालच्या सर्वांनीं लगेच पांगूं नये. मिनिटभर स्तब्ध उभें राहून, हा कोणाचा तरी जिवलग होता हें मनांत आणावें, आणि आपण सर्वांनीं केलेल्या प्रयत्नांचीहि आठवण करावी. मग पुढच्या कामास जावें. ही रीत पुढें इतर देशांतहि गेली. आम्हां अमरावतीकरांस हें परकें वाटावयाचें कारण नाहीं. नांदगाव पेठेहून नागपूरच्या दिशेनें गेलें कीं वाटेंत गुरुकुंज मोझरी लागतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं गेले. आणि दरवर्षीं त्यांच्या पुण्यतिथीस तेथें दुपारीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं प्रचंड जनसमुदाय स्तब्ध उभा राहतो. रस्त्यावरचीं वाहनेंहि थांबतात. एवढ्या गर्दीची ती शांतता ज्यानें अनुभवली, त्याला सांगावें लागत नाहीं कीं, मौन हें रितें नसतें. तीच शांतता आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक वॉर्डांत एक मिनिट उतरली, तर मृताचा मान राहील आणि परिचारिकेच्या मनावरचें ओझेंहि हलकें होईल.

श्रोते हो, या कामीं आपणांसहि कांहीं करतां येईल. प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत, जेथें दोन शब्द बसून बोलतां येतील, अशी एक लहानशी खोली असावी. एखाद्या गांवानें किंवा मंडळानें वर्गणी काढून तींत चार खुर्च्या, पाण्याचा माठ व एक पंखा दिला तरी पुष्कळ झालें. परिचारिकांची संख्या पुरेशी असावी, अशी मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे. कारण एकाच रात्रीं साऱ्या वॉर्डाचा भार वाहणाऱ्या बाईकडून पांच मिनिटें बसून बोलण्याची अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. आणि दुःखाच्या भरांत तिच्या अंगावर धांवून जाऊं नये. रुग्णालयांतील सेवकांवर हात उगारणें हा महाराष्ट्रांत २०१० च्या कायद्यानें गुन्हा आहेच. पण कायदा नसता तरी, ज्या हातांनीं आपल्या माणसाचे डोळे मिटले, त्या हातांवर प्रहार करणें माणुसकीला शोभत नाहीं.

तेरावा झाल्यावर, मन थोडें स्थिर झाल्यावर, शक्य असेल त्यानें एकदां त्या वॉर्डांत जाऊन यावें, आणि त्या परिचारिकेला सांगावें कीं, ‘बाई, तुम्ही त्या रात्रीं होतां, हें आम्ही विसरलों नाहीं.’ औषधानें जे बरे झाले, ते पेढे घेऊन जातात. जे वांचले नाहींत, त्यांच्या घरून सहसा कोणी जात नाहीं. खरें तर सेवेची नोंद तेथेंच अधिक व्हावयास हवी.